जुन्या मोटारगाडीचा 'सेल्फ'

आपल्या भाषेनें मोटारगाडीच्या बाबतींत एक गमतीची गोष्ट केली आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या सबंध गाडीलाच आपण 'मोटार' म्हणतों. आणि त्या गाडींत जी खरीखुरी विजेची मोटार बसविलेली असते तिला मात्र 'सेल्फ' हें निराळेंच नांव देतों. 'सेल्फ-स्टार्टर' या जोडनांवांतील दुसरा शब्द गॅरेजांत केव्हांच गळून पडला आणि पहिला तेवढा राहिला. "सेल्फ मारा", "सेल्फ उचलत नाहीं", "सेल्फ गेला" हीं वाक्यें ज्यांच्या घरीं एखादी जुनी गाडी आहे त्यांच्या परिचयाचीं आहेत. यांतलें तिसरें वाक्य कानावर आलें म्हणजे घरधन्याचा चेहरा उतरतो. आणि त्यामागोमाग मिस्त्री जो प्रश्न विचारतो तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. जुना सेल्फ उघडून दुरुस्त करावयाचा, कीं तो काढून टाकून त्याच्या जागीं नव्या पद्धतीचा बसवावयाचा ?

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. तें देण्यापूर्वीं हें यंत्र कोणत्या गरजेंतून जन्मलें आणि तें काय बेतानें बांधलेलें असतें, हें समजून घेतलें पाहिजे. तें एकदां समजलें म्हणजे उत्तर बरेंचसें आपोआप सांपडतें.

सेल्फ नव्हता त्या काळीं त्याचें काम माणसाचा हात करीत असे. पेट्रोलच्या इंजिनांत एक जन्मजात उणीव आहे. तें स्वतःहून सुरू होऊं शकत नाहीं. वाफेच्या इंजिनांत वाफ सोडली कीं दट्ट्या हालतो. पेट्रोलच्या इंजिनानें मात्र आधीं हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढून घेतलें पाहिजे, तें दाबलें पाहिजे, आणि मग त्यावर ठिणगी पडली पाहिजे. म्हणजे पहिले एकदोन फेरे बाहेरच्या कोणीतरी फिरवून दिल्यावांचून पुढचा संसार सुरूच होत नाहीं. हे फेरे देण्याकरितां गाडीच्या तोंडाशीं हँडल घालून तें जोरानें ओढावें लागे. त्यांत श्रम होतेच; पण श्रमांपेक्षां धोका मोठा होता. ठिणगी वेळेआधीं पडली तर दट्ट्या उलट दिशेनें फेंकला जातो, आणि हातांतलें हँडल उलटें फिरून मनगटावर किंवा जबड्यावर बसतें. म्हणूनच हँडल धरतांना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा पलीकडून गुंडाळूं नये. आणि हँडल खालून वर ओढावें, वरून खालीं दाबूं नये, असा धडा जुने चालक नवशिक्याला पहिल्या दिवशींच देत. ज्यांच्या गाडीला हँडलाची सोय अजून आहे त्यांनीं तो आजहि विसरूं नये.

अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत बायरन कार्टर नांवाचे मोटारगाड्यांचे एक कारखानदार होते. ते १९०८ सालीं वारले. त्यांच्या मृत्यूविषयीं मोटारीच्या जगांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी कीं, बंद पडलेली एका बाईची गाडी सुरू करून देतांना हँडल उलटलें, कार्टर यांचा जबडा फुटला, आणि त्या दुखण्यांतून ते उठले नाहींत. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या मनाला ही गोष्ट फार लागली आणि आपल्या गाडीनें यापुढें कोणाचा बळी घेऊं नये असा त्यांनीं निश्चय केला, असें कथेचें उत्तरार्ध सांगतें. कथेचा तपशील कसाहि असो. लेलँड यांनीं हें काम चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराकडे सोंपविलें, हा इतिहास आहे.

केटरिंग हे ओहायो प्रांतांतील डेटन शहरीं काम करीत. १९०९ सालीं एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनीं तेथें 'डेल्को' ही संस्था काढली. त्यापूर्वीं ते दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें बनविणाऱ्या कंपनींत नोकरीस होते, आणि गल्ल्याचें यंत्र हातानें न फिरवितां विजेच्या लहानशा मोटारीनें चालविण्याची युक्ति त्यांनीं तेथें काढली होती. हीच युक्ति मोटारगाडीच्या कामीं आली. इंजिन फिरवूं शकेल एवढी विजेची मोटार आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडींत घातली तर गाडी त्यांच्याच ओझ्यानें वांकेल, असा त्या वेळीं जाणत्यांचा हिशेब होता. हिशेब खोटा नव्हता. पण तो दिवसभर चालणाऱ्या मोटारीचा हिशेब होता. गल्ला उघडणारी मोटार दिवसभर चालत नाहीं. ती क्षणभर जोर लावते आणि मग स्वस्थ बसून थंड होते. एखादा हमाल जें ओझें कोसभर वाहून नेऊं शकणार नाहीं तें तो एक क्षण सहज उचलून धरतो. त्याचप्रमाणें लहान मोटारीवर तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट भार कांहीं सेकंद टाकला तरी ती जळत नाहीं. केटरिंग यांनीं सेल्फ बांधला तो या तत्त्वावर. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत तो बसविलेला होता, आणि १९१५ सालीं त्यांना त्याचें पेटंट मिळालें. फोर्डच्या सुप्रसिद्ध 'टी' गाडीला विजेचा सेल्फ १९१९ पासून मिळूं लागला. ज्यांच्या दंडांत हँडल ओढण्याचें बळ नव्हतें अशा असंख्य स्त्रियांना व वयस्क माणसांना त्यानें चालकाची जागा खुली करून दिली.

श्रोतेहो, 'क्षणभराचा भार' हें तत्त्व ध्यानांत ठेवावें. सेल्फचे गुण, सेल्फचीं दुखणीं आणि सेल्फचे उपचार हीं सारीं त्यांतूनच निघतात.

आतां या यंत्राच्या अंतरंगांत डोकावूं. बाहेर लोखंडाचें जाड नळकांडें असतें. त्याच्या आंतल्या अंगाला तांब्याच्या रुंद पट्टीचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. त्यांना 'फील्ड कॉइल' म्हणतात. मध्यें फिरतें तें 'आर्मेचर'. त्याच्या एका टोंकाला तांब्याच्या उभ्या पट्ट्यांचें कडें असतें, तो 'कॉम्युटेटर'. पट्ट्यापट्ट्यांमध्यें अभ्रकाचा पातळ पापुद्रा घातलेला असतो, त्यामुळें एकीची वीज दुसरीला लागत नाहीं. या कड्यावर स्प्रिंगांनीं दाबून धरलेले चार ठोकळे घांसत असतात. कारागीर त्यांना नुसतें 'कार्बन' म्हणतात. बॅटरींतून निघालेला प्रवाह आधीं फील्ड कॉइलमधून, मग कार्बनांतून आर्मेचरमध्यें, आणि तेथून इंजिनाच्या धातूंतून बॅटरीकडे परत, असा एकाच रांगेनें जातो. या रचनेचा विशेष असा कीं, मोटार उभी असतांना तिच्यांतून प्रवाह सर्वांत अधिक वाहतो आणि म्हणून तिचा पीळहि त्याच क्षणीं सर्वांत मोठा असतो. ती फिरूं लागली म्हणजे तिच्यांतच उलट दाब उत्पन्न होतो आणि प्रवाह कमी कमी होत जातो. थंड, तेलानें जड झालेलें इंजिन जागचें हलविण्याला याहून सोयीची मोटार शोधून सांपडणार नाहीं.

दुसरा भाग इंजिनाशीं गांठ घालण्याचा. इंजिनाच्या मागच्या अंगाला 'फ्लायव्हील' हें जड चाक असतें. त्याच्या कडेला शंभराहून अधिक दांत्यांचें पोलादी कडें चढविलेलें असतें, त्याला 'रिंग गिअर' म्हणतात. सेल्फच्या दांड्यावर अवघ्या नऊदहा दांत्यांचें 'पिनियन' असतें. सेल्फचे दहाबारा फेरे व्हावे तेव्हां इंजिनाचा एक फेरा होतो. अशा रीतीनें लहान मोटारीचा जोर दहाबारा पटींनीं वाढतो. परंतु इंजिन सुरू झाल्यावरहि ही गांठ तशीच राहिली तर इंजिनच सेल्फला दहाबारा पट वेगानें गरगर फिरवील आणि आर्मेचरच्या चिंध्या होतील. हा घोंटाळा टाळण्याचें काम 'बेंडिक्स' करतो. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचें हें नांव आपल्या गॅरेजांत आतां सामान्यनाम होऊन बसलें आहे. त्याची युक्ति साधी आहे. दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि त्यांवर पिनियन सैल बसविलेलें असतें. उभी बस एकदम सुटली म्हणजे उभे उतारू मागें झोकांडतात, त्याचप्रमाणें दांडा एकदम फिरला कीं पिनियन जडत्वामुळें मागें राहतें, आट्यांवरून सरकतें आणि रिंग गिअरच्या दांत्यांत जाऊन अडकतें. इंजिन पेटून त्याचा वेग वाढला कीं तेंच पिनियन उलट दिशेनें आट्यांवरून परत फेंकलें जातें. मध्यें एक जाड स्प्रिंग असते, ती पहिला धक्का सोसते.

एवढी तयारी झाल्यावर दुखण्याकडे वळूं. आणि येथें मला घरचीच एक हकीकत सांगावयाची आहे.

आमच्या घरीं १९५० च्या दशकांतली एक मॉरिस मायनर आहे. अलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेंतून उतरलेली ही लहानखुरी गाडी १९४८ सालीं इंग्लंडांत बाजारांत आली, आणि दहा लाखांच्या संख्येचा टप्पा गांठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. आमची गाडी वडिलांनीं जुनीच विकत घेतलेली. एका पावसाळ्यांत ती अडूं लागली. सेल्फची खुंटी ओढावी तों इंजिन एक अर्धा फेरा कण्हत घेई आणि थांबे. दिवे मात्र लख्ख लागत. मिस्त्री आला, त्यानें पाहिलें आणि निकाल दिला : "साहेब, दिवे चांगले आहेत म्हणजे बॅटरी चांगली. सेल्फ संपला तुमचा. नव्या पद्धतीचा टाका, पुन्हा बघायला नको." मी तयार झालोंहि. वडील ओटीवर बसले होते; ते म्हणाले, "अरे, मोजल्याशिवाय कांहीं टाकूं नकोस. मिटर आण."

मिस्त्र्याच्या बोलण्यांत जी चूक होती ती फार जण करतात, म्हणून तिचा हिशेब मांडून दाखवितों. हेडलाइटचा ३६ वॉटांचा एक दिवा १२ व्होल्टांच्या बॅटरीवर ३ अँपिअर प्रवाह घेतो. लहान गाडीचा सेल्फ इंजिन फिरवितांना २०० ते २५० अँपिअर घेतो. आणि अडकून जागच्या जागीं उभा राहिला तर त्याहूनहि कितीतरी अधिक. आतां समजा, वायरीच्या एखाद्या सांध्यांत गंज बसून एका ओमाचा शंभरावा भाग एवढाच विरोध उत्पन्न झाला आहे. दिव्याच्या ३ अँपिअर प्रवाहाला त्या सांध्यांत एका व्होल्टाचे शंभरांतले ३ भाग द्यावे लागतील. तेवढ्यानें दिवा मंद झाल्याचें डोळ्यांना कळणारहि नाहीं. पण सेल्फच्या २०० अँपिअर प्रवाहाला तोच सांधा २ व्होल्टांचा जबर जकातनाका होऊन बसतो. विरोध दुप्पट झाला तर ४ व्होल्ट वाटेंतच खलास. तात्पर्य, दिव्यांच्या प्रकाशावरून सेल्फच्या वाटेची परीक्षा होऊंच शकत नाहीं. ६ व्होल्टांच्या गाड्यांत तर ही जकात आणखी जाचक होते. कारण तेवढेंच काम करण्याला तेथें दुप्पट प्रवाह लागतो, आणि मुळांत भांडवलच निम्में असतें. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ अमेरिकन गाड्या ६ व्होल्टांच्या होत्या.

म्हणून आम्हीं मोजावयास बसलों. ठिणगीची मुख्य वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेटूं नये. आणि एकानें खुंटी ओढायची, दुसऱ्यानें मिटर वाचायचा, असें ठरविलें. बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंट्यांवर मिटर लावला. सेल्फ जोर करीत असतांना ११.६ व्होल्ट भरले. याचा अर्थ बॅटरी निरोगी होती. नंतर खुद्द सेल्फच्या अंगावर मोजलें. तेथें फक्त ७.१ ! साडेचार व्होल्ट वाटेंत कोणीतरी खात होतें. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड वायरींत आणि स्विचांत मिळून १ व्होल्ट सांपडला. उरलेले ३.५ परतीच्या वाटेवर, म्हणजे इंजिनाचा धातु आणि बॅटरीची अर्थची खुंटी यांच्या दरम्यान, निघाले. मॉरिसचें इंजिन रबराच्या बैठकींवर बसविलेलें असतें आणि रबर वीज वाहून नेत नाहीं. त्यामुळें इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी एक विणीव तांब्याची पट्टी हाच प्रवाहाचा परतीचा मार्ग. पूर्वीं केव्हां तरी गाडीला रंग देतांना कोणीं ती पट्टी रंगावरच कसली होती, आणि तिच्या निम्म्या तारा कुजून तुटल्या होत्या. मग आठवलें कीं, अलीकडे चोकची तार हाताला ऊन लागत असे ! राजमार्ग बुजल्यामुळें बिचारा प्रवाह त्या आडवाटेनें परतत होता. नवी पट्टी आणली, दोन्ही टोंकांखालचा रंग खरवडून धातु चकचकीत केला, बॅटरीचीं टोंकें गरम पाण्यानें व ब्रशानें स्वच्छ केलीं. पुन्हा मोजलें तेव्हां सेल्फवर १० व्होल्ट पोहोंचत होते, आणि गाडी पहिल्या खेपेला सुरू झाली. सेल्फला आम्हीं हातहि लावला नव्हता.

सेल्फ उचलत नाहीं असें दिसलें तर पहिला पाना सेल्फला नव्हे, तर सांध्यांना लावावा. दोन्ही वाटांवर अर्ध्या अर्ध्या व्होल्टाहून अधिक नासाडी होत असेल तर आधीं ती काढावी. कानानेंहि पुष्कळ कळतें. दिवे प्रखर आणि सेल्फ मुका, तर स्विच किंवा कार्बन पाहावे. सेल्फ 'घूं' करून मोकळाच फिरतो आणि इंजिन हालत नाहीं, तर बेंडिक्सच्या आट्यांवर मळ बसला आहे. खट् आवाज होऊन दिवे एकदम मंदावले आणि सारें थंड, तर पिनियन दांत्यांत अडकलें असण्याचा संभव. अशा वेळीं इग्निशन बंद करून, हँडब्रेक सोडून, गाडी वरच्या गिअरमध्यें घालून पुढेंमागें हलविली तर तें बहुधा सुटतें. कित्येक जुन्या सेल्फांच्या दांड्याला मागच्या बाजूस चौकोनी टोंक ठेवलेलें असतें. त्याला पाना लावून फिरविलें तरी चालतें.

दोन वर्षांनीं आमच्या सेल्फनें खरोखरच दम टाकला आणि तो उघडण्याची वेळ आली. असा सेल्फ पुन्हा उभा करणें हें घड्याळजीचें काम नाहीं. स्वच्छता आणि धीर असला तर घरींहि बरेचसें होतें. बॅटरीची वायर प्रथम काढावी, हें सांगणें नको. गजांवरून नळकांडें सोडविण्यापूर्वीं दोन्ही झांकणांच्या जागीं खुणा कराव्या. आंतली काळी भुकटी ही झिजलेल्या कार्बनांची राख. ती कोरड्या ब्रशानें झाडावी. कार्बन आपल्या घरांत मोकळे सरकले पाहिजेत. ते आंखूड झाले असले किंवा स्प्रिंग सैल पडली असली तर बदलावे. यांतले दोन कार्बन फील्ड कॉइलला डाख लावून जोडलेले असतात. तेथें डाख ऐसपैस आणि खोल लागली पाहिजे; कच्ची राहिली तर तोच नवा जकातनाका. कॉम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचकागदानें घांसावा, एमरीनें नव्हे. खड्डे पडले असतील तर लेथवर हलका हात फिरवून घ्यावा. येथें एक गोष्ट चांगल्या कारागिरांच्याहि हातून चुकते. डायनामोच्या कॉम्युटेटरवर पट्ट्यांमधील अभ्रक किंचित् खोल कापतात. आमच्या गाडीला असलेल्या ल्यूकस बनावटीच्या सेल्फवर मात्र तें कापूं नये, असें तिच्या निर्मात्यांनींच बजावलेलें आहे.

दांड्याचे बुश हे सच्छिद्र कांशाचे असतात. ते झिजले म्हणजे आर्मेचर कलतें आणि फिरतां फिरतां ध्रुवांना घांसूं लागतें. त्याच्या अंगावर चकचकीत ओरखडे दिसले तर रोग हाच. नवे बुश बसविण्यापूर्वीं चोवीस तास पातळ इंजिन-ऑइलमध्यें बुडवून ठेवावे. तेल त्यांच्या छिद्रांत मुरतें आणि पुढें वर्षानुवर्षें पाझरत राहतें. बसविल्यावर त्यांचें भोंक पुन्हा कोरूं नये. कोरलें तर छिद्रें बुजतात. बेंडिक्सचे आटे रॉकेलनें धुऊन कोरडे पुसावे आणि कोरडेच ठेवावे. प्रेमानें तेल घालण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. कारण क्लचची उडणारी धूळ तेलावर बसून तिचा राप होतो आणि पिनियन चिकटतें. शेवटीं रिंग गिअर पाहावा. चार सिलिंडरांचें इंजिन थांबतांना बहुधा समोरासमोरच्या दोन जागींच थांबतें, म्हणून दांतेहि त्या दोन जागींच अधिक झिजतात. तें कडें बदलण्याची रीत आपल्या लोहाराला पुरातन काळापासून ठाऊक आहे : बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितात तसें तें तापवून फुगवावयाचें, चढवावयाचें आणि निवूं द्यावयाचें. जोडून झालेला सेल्फ मोकळा चालवून पाहतांना तो घट्ट धरावा आणि क्षणभरच चालवावा. या जातीची मोटार भाराशिवाय भयंकर वेग घेते.

आतां राहिला नव्या पद्धतीचा सेल्फ. त्याचा पक्षहि लंगडा नाहीं. मोटार जितकी वेगानें फिरेल तितकी ती लहान करतां येते. म्हणून लहान, चपळ मोटार घेऊन तिच्या पोटांतच वेग घटविणारीं दांतेरी चाकें बसवावयाचीं, ही त्याची कल्पना. क्रायस्लर कंपनीनें १९६२ पासून असे सेल्फ आपल्या गाड्यांत घातले, आणि आज तेच सर्वत्र रूढ आहेत. ते वजनानें हलके असतात, थोडक्या प्रवाहांत भागवितात, आणि त्यांचें पिनियन आधीं दांत्यांत हळूच सरकविलें जातें व मगच मोटार फिरते. त्यामुळें रिंग गिअरवर घाव बसत नाहीं. रोज वापरांत असलेली गाडी, दाब वाढविलेलें इंजिन, किंवा ज्याचे भाग मिळेनासे झाले आहेत असा सेल्फ, या तीन प्रसंगीं तो बसविण्याला माझी हरकत नाहीं.

मात्र पैसे मोजण्यापूर्वीं दोन गोष्टी पडताळून घ्याव्या. पहिली गोष्ट ध्रुवांची. पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोंक अर्थला जोडलेलें असतें. जुन्या सेल्फला त्याचें कांहीं वाटत नाहीं. कारण बॅटरी उलटी जोडली तर फील्ड आणि आर्मेचर या दोहोंतला प्रवाह एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा होती तीच राहते. पण नव्या सेल्फांपैकीं अनेकांत फील्ड कॉइलच्या जागीं कायमचीं लोहचुंबकें असतात. चुंबक उलटत नाहीं, प्रवाह तेवढा उलटतो. आणि सेल्फ उलटा फिरूं लागतो. अशा गाडीची सगळी वीजजोडणी आधीं ऋण-अर्थची करून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट दांत्यांची. पिनियन ज्या बाजूनें रिंग गिअरमध्यें शिरतें त्या बाजूनें दांत्यांचीं टोंकें निमुळतीं केलेलीं असतात. नव्या सेल्फचें पिनियन उलट बाजूनें शिरणार असेल, किंवा त्याचे दांते वेगळ्या मापाचे असतील, तर आज सोय वाटली तरी उद्यां रिंग गिअर करवतीसारखा होईल. ६ व्होल्टांच्या सेल्फला १२ व्होल्टांची बॅटरी जोडण्याचा सोपा उपायहि कांहीं जण करतात. क्षणभराचा भार सोसण्याच्या त्याच्या गुणामुळें तो तें काहीं काळ सोसतोहि; पण पिनियन हातोड्यासारखें आदळतें, आणि एखादे दिवशीं बेंडिक्सची स्प्रिंग किंवा दांता जातो.

माझा सल्ला विचाराल तर असा : आधीं मोजावें, मग सांधे स्वच्छ करावे, मग सेल्फ उघडावा, आणि एवढ्यानें न भागलें तरच बदलावा. बदलला तरी जुना सेल्फ भंगारांत देऊं नये. तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, खोक्यांत घालून, माळ्यावर ठेवावा. तांबें, कार्बन, कांसें आणि लोखंड एवढ्याच वस्तूंचें तें यंत्र आहे, आणि या चारहि वस्तूंवर हात चालणारा कारागीर आपल्याकडे अजून गल्लोगल्लीं सांपडतो. नव्या सेल्फचें तसें नाहीं. तो गेला म्हणजे पुष्कळदां सबंधच बदलतात.

आणि दुरुस्त केलेला असो वा नवा असो, त्याचा मूळ स्वभाव विसरूं नये. खुंटी किंवा बटन एका वेळीं पांचसात सेकंदांपेक्षां अधिक धरूं नये. गाडी सुरू झाली नाहीं तर अर्धा मिनिट थांबावें, आणि तीनचार खेपांत ती पेटली नाहीं तर सेल्फचा पिच्छा सोडून पेट्रोल येतें कीं नाहीं, ठिणगी पडते कीं नाहीं, तें पाहावें. क्षणभराच्या श्रमासाठीं बांधलेल्या यंत्राला मिनिटभर राबविलें तर तांब्यावरचें वेष्टण करपतें, डाख वितळून उडते, आणि मग मिस्त्र्याचें तें तिसरें वाक्य खरें ठरतें. आमच्या मॉरिसचा सेल्फ आज पुन्हा आपलें काम करीत आहे. खुंटी ओढण्यापूर्वीं वडील अजूनहि दिव्यांकडे पाहत नाहींत. ते मिटर कोठें ठेवला आहे तें विचारतात.